पाट्या उरल्या, बिऱ्हाडे गेली : न्यूयॉर्कमधील इटालियन वस्त्यांचा ऱ्हास

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात ‘लिटल इटली’, म्हणजे धाकटी इटली, या नावाने ओळखली जाणारी जी वस्ती आहे, तेथील दहा हजारांहून अधिक रहिवाशांपैकी १९५० सालच्या जनगणनेनुसार जवळजवळ निम्मे इटालियन वंशाचे होते आणि त्यांतील २,१४९ जण प्रत्यक्ष इटलीत जन्मलेले होते. २००० साली इटलीत जन्मलेल्यांची संख्या ४४ वर आली, आणि त्यानंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या जनगणना खात्याच्या पाहणीत त्याच दोन डझन चौकांच्या परिसरात इटलीत जन्मलेला एकही रहिवासी आढळला नाही. साठ वर्षांच्या आत, युद्ध, दंगल किंवा साथ यांपैकी काहीही घडलेले नसताना, एक भरलेले गाव असे रिकामे कसे झाले, हा प्रश्न केवळ अमेरिकेच्या इतिहासाचा नाही; स्थलांतरितांची वस्ती कशी जन्मते आणि कशी सरते, याचे फार स्पष्ट उत्तर त्यात दडलेले आहे.

न्यूयॉर्कमध्ये इटालियनांच्या वस्त्या अनेक होत्या, परंतु ऱ्हासाची कथा समजून घेण्यासाठी दोनच पुरेशा आहेत. एक मलबेरी स्ट्रीट आणि तिच्या भोवतालच्या रस्त्यांची, जिचे नाव जगभर झाले. आणि दुसरी बेटाच्या ईशान्येकडील ईस्ट हार्लेमची, जी १९३० च्या सुमारास अमेरिकेतील सर्वांत मोठी इटालियन वस्ती मानली जाई आणि जिचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. दोन्ही वस्त्या गेल्या, पण एक हळूहळू ओसरत गेली आणि दुसरी मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. हा फरक लक्षात घेतला नाही, तर ‘काळाच्या ओघात सगळेच बदलते’ या सोयीच्या वाक्यापलीकडे विचार जात नाही.

इटली हे राष्ट्र १८६१ साली एक झाले खरे, पण त्या एकीकरणाचा लाभ दक्षिणेला झाला नाही. सिसिली, कालाब्रिया, बासिलिकाता, कांपानिया, आब्रुत्सो हे दक्षिणेचे प्रांत, ज्यांना इटालियन भाषेत एकत्रितपणे ‘मेत्सोजोर्नो’ म्हणजे मध्यान्हीचा प्रदेश म्हणतात, तेथे जमीन मोजक्या जमीनदारांच्या हातात होती, नव्या सरकारचे कर जड होते, मलेरिया हटत नव्हता आणि द्राक्षवेलींच्या मुळांवर पडलेल्या किडीने मळे उद्ध्वस्त केले होते. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. १९०७ या एकाच वर्षी आलेल्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती. आरंभी येणारे बहुतेक एकटे पुरुष होते, चार हंगाम राबून पैसा गाठीशी बांधून गावी परतण्याच्या इराद्याने आलेले, आणि त्यांतले पुष्कळ जण खरोखरच परतले. त्यांना काम मिळवून देणारा, बोटीच्या तिकिटाला उसने पैसे देणारा आणि मग मजुरीतून आपला वाटा कापून घेणारा जो मध्यस्थ असे, त्याला ‘पाद्रोने’ म्हणत. मराठी वाचकाला तो मुकादम या शब्दाने चटकन ओळखता येईल. बोगदे खणणे, रस्ते आणि रूळ टाकणे, विटा वाहणे ही पुरुषांची कामे होती. बायका घरी बसून कृत्रिम फुले वळत किंवा कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करत.

मलबेरी स्ट्रीटच्या परिसरात या लोकांनी उभी केली ती एक इटली नव्हती, अनेक गावे होती. नेपल्सकडचे लोक मलबेरी स्ट्रीटवर आणि सिसिलीचे दोन रस्ते पलीकडे एलिझाबेथ स्ट्रीटवर, अशी वाटणी होती, आणि एकाच इमारतीत एकाच खेड्यातील कुटुंबे राहावीत हा प्रयत्न असे. या वृत्तीला ‘कांपानिलिस्मो’ असे नाव आहे. ‘कांपानिले’ म्हणजे चर्चचा घंटामनोरा. गावच्या देवळाची घंटा जिथवर ऐकू येते तेवढाच आपला मुलूख आणि तेवढीच आपली माणसे, असा तिचा भावार्थ. सिसिलीच्या माणसाला नेपल्सची बोली धड कळत नसे आणि पुस्तकी इटालियन तर दोघांनाही परकीच होती. शब्दांचे अंत्य स्वर गिळून टाकण्याची दक्षिणेची सवय न्यूयॉर्कमध्ये टिकली, आणि म्हणूनच आजही तिसऱ्या-चौथ्या पिढीतील अनेक वंशजांच्या तोंडी ‘रिकोत्ता’ या चीजचे नाव ‘रिगॉट’ आणि ‘मोत्सारेल्ला’चे ‘मुत्सादेल’ असे येते. ज्या बोलीतून हे उच्चार आले ती बोली मात्र त्यांना बोलता येत नाही.

राहण्याची जागा म्हणजे ‘टेनेमेंट’, पाच-सहा मजल्यांची भाड्याची चाळ. तीन किंवा चार खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक, उजेड फक्त टोकाच्या खोल्यांना, शौचकूप सामाईक आणि न्हाणीघर नाहीच. पुढे नळ घरात आल्यावर न्हाण्याचा टब बसवला गेला तो स्वयंपाकघरात, कारण पाण्याची जोडणी तिथेच होती. त्याच्यावर फळी टाकली की तोच भाज्या चिरण्याचा ओटा होई आणि शनिवारी फळी उचलली की एकामागून एक मुलांना त्यात न्हाऊ घालत. मार्टिन स्कोर्सेसी हे दिग्दर्शक एलिझाबेथ स्ट्रीटवरच लहानाचे मोठे झाले. १९७४ साली त्यांनी आपल्या आईवडिलांना त्यांच्या तेथील घरात बोलते करून ‘इटालियनअमेरिकन’ हा माहितीपट केला. आई गोळ्यांची आमटी रांधत रांधत आपल्या घराण्याच्या आठवणी सांगते, असे दाखवणारा तो लहानसा माहितीपट या जीवनाचा फार मोलाचा दस्तऐवज आहे, कारण तो नेमका ते जीवन मावळत असताना टिपला गेला.

या चाळींतील हालअपेष्टा खऱ्या होत्या आणि त्यांच्यावर गोड आठवणींचा मुलामा चढवण्याचे कारण नाही. जेकब रीस या पत्रकाराने १८९० साली आपल्या पुस्तकातून आणि छायाचित्रांतून मलबेरी स्ट्रीटच्या वळणावरील कोंदट बोळांचे दर्शन शहराला घडवले, तेव्हा खळबळ उडाली आणि अखेर तो भाग पाडून १८९७ साली तेथे बाग झाली. बाग चांगलीच झाली. परंतु पाडलेल्या घरांतील माणसे कुठे जावीत याचा विचार त्या योजनेत नव्हता. पुढे अर्ध्या शतकानंतर हीच चूक शेकडो पटींनी मोठी होऊन ईस्ट हार्लेममध्ये उगवली.

ईस्ट हार्लेमच्या जीवनाचे केंद्र होते ११५ व्या रस्त्यावरील माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च. नेपल्सच्या दक्षिणेकडील पोल्ला या गावाहून आलेल्या लोकांनी १८८१ साली तिचा उत्सव प्रथम केला आणि १८८४ साली चर्चचे बांधकाम सुरू झाले. विटा-दगड वाहण्यात इटालियन मजुरांचे हात होते, पण कॅथलिक चर्चचा कारभार त्या वेळी आयरिश धर्मगुरूंच्या हाती असल्याने आणि इटालियनांची भक्तीची रीत त्यांना गावंढळ वाटत असल्याने, देवीच्या या लेकरांना कित्येक वर्षे प्रार्थनेसाठी तळघरात बसवले गेले. तरीही १६ जुलैचा उत्सव वाढतच गेला आणि १९०४ साली पोपच्या संमतीने मूर्तीला मुकुट चढला. नवस फेडणारे अनवाणी चालत येत, काही बायका गुडघ्यांवर सरकत वेदीपर्यंत जात, आणि आजारी माणसाच्या वजनाइतक्या मेणाच्या मेणबत्त्या किंवा बऱ्या झालेल्या हाताची, पायाची मेणात घडवलेली प्रतिकृती देवीपुढे ठेवली जाई. मराठी वाचकाला यातील काहीच परके वाटणार नाही. रॉबर्ट ओर्सी या अभ्यासकाने या उत्सवावर १९८५ साली लिहिलेले पुस्तक धर्माच्या अभ्यासात मानदंड ठरले आहे, ते याचसाठी की, परक्या शहरात राबणाऱ्या माणसांनी आपले दुःख, कर्ज, आजार आणि घरातले ताणतणाव कोणापुढे मांडले, हे त्याने रस्त्यावरच्या भक्तीतून वाचून दाखवले.

या भरभराटीच्या काळातच वस्तीच्या मुळावर घाव पडला होता. १९२४ साली अमेरिकेने केलेल्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक देशाला वार्षिक कोटा ठरवून दिला आणि त्यासाठी आधार धरली १८९० ची जनगणना, जेव्हा दक्षिण युरोपातील लोक अमेरिकेत थोडेच होते. एके काळी वर्षाला लाखांनी येणाऱ्या इटालियनांचा कोटा चार हजारांच्याही खाली आला. या कायद्याचे महत्त्व सहसा पुरेसे सांगितले जात नाही. स्थलांतरितांची वस्ती ही वाहत्या नदीसारखी असते. पुढचे लोक सुस्थितीत येऊन बाहेर पडतात आणि मागून आलेले त्यांची जागा घेतात, बोली ताजी ठेवतात, गावची बातमी आणतात. झरा बंद झाल्यावर जे उरले ते एक तळे होते, आणि त्याचे पाणी किती वर्षे पुरेल एवढाच प्रश्न शिल्लक राहिला.

दुसरी शक्ती शाळेची. बासिलिकातामधील आविल्यानो गावाहून १८९६ साली बालपणी ईस्ट हार्लेमला आलेल्या लेओनार्दो कोव्हिएल्लो यांचे आडनाव शाळेतच बदलून ‘कोव्हेलो’ झाले. मोठेपणी ते शिक्षक झाले, न्यूयॉर्कच्या शाळांत इटालियन भाषेला फ्रेंच-स्पॅनिशच्या बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून झगडले, आणि १९३४ पासून १९५६ पर्यंत बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक राहिले. घरची भाषा आणि घरचे आईबाप यांची लाज न बाळगता मूल शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्या काळात असा आग्रह धरणारा शिक्षक विरळा होता. मात्र काळ त्यांच्या बाजूने नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यावर अमेरिकेचे नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन ‘शत्रुदेशीय परके’ ठरवले गेले, आणि शत्रूची भाषा बोलू नका असे सांगणारी भित्तिपत्रके लागली. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो शिक्का उठवला गेला, तरी मुलांशी इंग्रजीतच बोलावे हा धडा घराघरांत शिकला गेला होता.

युद्धावरून परतलेल्या तरुणांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणासाठी मदत आणि सरकारी हमीचे स्वस्त गृहकर्ज मिळू लागले. ते कर्ज घेऊन जुन्या चाळीत घर घेणे जवळपास अशक्य होते, कारण गृहकर्जासाठी शहरांचे जे नकाशे १९३० च्या दशकात तयार झाले होते, त्यांत स्थलांतरितांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या जुन्या दाट वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखवलेल्या होत्या. ‘रेडलायनिंग’ हा शब्द त्यावरूनच आला. जुन्या घराच्या डागडुजीला पैसा नाही आणि उपनगरातल्या नव्या घराला मात्र आहे, अशी ही व्यवस्था होती. येथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे, की उपनगरांचे हे दार इटालियनांना उघडले ते ते आता ‘गोरे’ मानले जाऊ लागले म्हणून. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना ते बहुतांशी बंदच राहिले. कुटुंबे ब्रॉन्क्सला गेली, ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टला गेली, लाँग आयलंडला आणि न्यू जर्सीला गेली. नोव्हेंबर १९६४ मध्ये ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड यांना जोडणारा पूल खुला झाला, तेव्हा मागच्या अंगणात टोमॅटो लावता येतील अशा घरांसाठी हजारो इटालियन कुटुंबे त्यावरून पलीकडे गेली. त्या पुलाला जिओव्हानी दा वेराझ्झानो या इटालियन दर्यावर्दीचेच नाव आहे.

ही झाली आपखुशीने गेलेल्यांची हकिकत. ईस्ट हार्लेममध्ये मात्र ज्यांना जायचे नव्हते त्यांनाही जावे लागले. येथील प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेलेले फिओरेलो ला ग्वार्दिया १९३४ साली न्यूयॉर्कचे महापौर झाले आणि त्याच वर्षी शहराचे गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन झाले. चांगल्या घरांची मागणी वस्तीतूनच आली होती. कोव्हेलो यांच्या शाळेने तिच्यासाठी मोहीम चालवली होती, आणि १९४१ साली नदीकाठी पहिली सरकारी वसाहत उभी राहिली तेव्हा तो लोकांचा विजयच होता. परंतु युद्धानंतर, विशेषतः १९४९ च्या कायद्याने ‘गलिच्छ वस्ती निर्मूलना’साठी केंद्राचा पैसा मिळू लागल्यावर, चौकच्या चौक पाडून त्या जागी विटांचे उंच मनोरे उभारण्याचा सपाटा सुरू झाला. नव्या घरांना उत्पन्नाची मर्यादा होती, म्हणजे ज्याची कमाई थोडी बरी झाली त्याला तेथे राहता येत नसे. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावरचे न्हावी, चांभार, पाववाले, कॉफीवाले, गावकऱ्यांच्या मंडळांच्या खोल्या हे सारे पाडकामात गेले, आणि नव्या आराखड्यात त्यांच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. जेन जेकब्स यांनी १९६१ साली लिहिलेल्या शहरांविषयीच्या प्रसिद्ध पुस्तकात ईस्ट हार्लेमच्या अशाच एका वसाहतीतील हिरवळीचा दाखला आहे. रहिवासी त्या हिरवळीचा राग राग करत, कारण त्यांची घरे आणि शेजार मोडताना त्यांना कोणीच विचारले नव्हते आणि आता गवत होते पण दोन शब्द बोलायला उभे राहण्याजोगे दुकान नव्हते. आजही सरकारी घरांची एवढी दाटी अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी आहे.

इटालियन गेले ते नवे लोक आले म्हणून, असे आजही अनेक वंशज मानतात. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. ईस्ट हार्लेममध्ये प्वेर्तो रिकोचे लोक आले ते रिकाम्या होणाऱ्या आणि पडक्या घरांत, आणि मलबेरी स्ट्रीटच्या दक्षिणेकडील चायनाटाउन कॅनाल स्ट्रीट ओलांडून उत्तरेला पसरले ते प्रामुख्याने १९६५ साली देशवार कोटे रद्द झाल्यानंतर, म्हणजे इटालियनांची पांगापांग सुरू होऊन वीस वर्षे उलटल्यावर. कोव्हेलो यांनी हे नीट ओळखले होते. निवृत्तीनंतर त्यांनी प्वेर्तो रिकोच्या स्थलांतरितांसाठी काम केले, कारण त्या मुलांत त्यांना आपलेच बालपण दिसत होते.

मलबेरी स्ट्रीटवर युद्धानंतर असे सरसकट पाडकाम झाले नाही, पण तिथे वेगळाच प्रकार घडला. १९७७ साली शहराने ‘विशेष लिटल इटली क्षेत्र’ जाहीर करून इमारतींची उंची, दर्शनी भाग आणि पाडकाम यांवर निर्बंध घातले. हेतू चांगला होता आणि त्यामुळे रस्त्याचे रूप बरेचसे वाचले हे मान्य केलेच पाहिजे. पण नियम विटांसाठी होते, माणसांसाठी नव्हते. मूळचे लोक उपनगरांत गेले आणि रविवारी जेवायला येऊ लागले, पर्यटक वाढले, आणि किराणा, कोळसा, चांभारकी यांच्या जागी भोजनगृहांची रांग लागली. वस्तीच्या उत्तरेकडील भागाला १९९० च्या दशकात ‘नोलिटा’, म्हणजे लिटल इटलीच्या उत्तरेचा भाग, असे नवे नाव मिळाले आणि त्याबरोबर महागड्या कपड्यांची दुकाने व त्यांना साजेशी भाडी आली. १९२६ पासून चालत आलेला सान जेन्नारो या नेपल्सच्या संताचा उत्सव सप्टेंबरात अकरा दिवस चालतो, आणि २०११ साली नोलिटातील काही दुकानदारांनी मागणी केली की तो आपल्या दारापर्यंत आणू नये. १८९२ साली सुरू झालेले ग्रँड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील अलेवा डेअरी हे चीजचे दुकान भाडे न झेपल्याने २०२३ मध्ये बंद पडले. त्याच्या आधीच, २०१० साली, राष्ट्रीय वारसायादीत या भागाची नोंद झाली होती ती ‘चायनाटाउन आणि लिटल इटली’ अशा एकत्रित नावाने, दोहोंमध्ये कोणतीही सीमारेषा न आखता.

ब्रॉन्क्समधील आर्थर ॲव्हेन्यूचा अनुभव थोडा निराळा आहे. ला ग्वार्दियांनी रस्त्यावरच्या हातगाड्या हटवताना १९४० साली तेथे फेरीवाल्यांसाठी बंदिस्त मंडई बांधून दिली, आणि ती मंडई अजून चालू आहे. आसपासचे रहिवासी बदलले, तरी मासे, पाव आणि ताजे चीज विकणारी दुकाने टिकली. हटवताना पर्यायी जागा दिली की काय फरक पडतो, याचा तो पुरावा आहे.

लिटल इटलीचा अंत टळला असता का? पूर्णपणे नाही. मुले शिकली, कमावती झाली, हवेशीर घरांत गेली, याबद्दल कोणी शोक करू नये. आईबापांनी त्यासाठीच हाडे झिजवली होती. परंतु ज्यांना त्याच जिन्यावर, त्याच शेजारात म्हातारपण काढायचे होते, त्यांना तो हक्क शहराने दिला नाही, आणि ईस्ट हार्लेममध्ये तर तो हिरावून घेतला. हा शहराचा दोष होता, काळाचा नव्हे.

न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी माणसांच्या यादीत मलबेरी स्ट्रीटवरचे जेवण हमखास असते, आणि ते जरूर घ्यावे. पण मुक्काम जुलैच्या मध्यावर असेल, तर १६ तारखेला ११५ व्या रस्त्यावरील चर्चपाशीही जावे. मूर्ती तीच आहे आणि मिरवणूकही निघते. तिच्यामागे चालणाऱ्यांत आता शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेले हैतीचे भाविक मोठ्या संख्येने असतात, कारण त्यांच्या देशातही माउंट कार्मेलची ही माता पूजली जाते. ऑगस्टमध्ये गेल्यास त्याच परिसरात ‘जिल्यो’ पाहता येईल : संत अँथनीच्या नावाने उभारलेला, सुमारे ऐंशी फूट उंचीचा सजवलेला मनोरा, ज्याला शंभराहून अधिक माणसे एका हुकमाबरोबर खांदा देतात आणि वर वाजंत्री वाजत असताना रस्त्याने नाचवत नेतात. खांदा देणाऱ्यांतील बहुतेक जण त्या दिवसापुरते उपनगरांतून आलेले असतात आणि संध्याकाळी मनोरा खाली ठेवून घरी परततात.